मदत हवी आहे: जुन्या नाशकातल्या वाड्याचे तळघर बसण्या-उठण्याजोगे करायचे आहे

नमस्कार.

जुन्या नाशकात, तिवंध्याच्या बाजूला, चढावरच्या एका गल्लीत आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. वाटणीत आमच्याकडे रस्त्याकडचे दोन खण, मागची मोरी आणि खालचे तळघर आले. तळघर १८ फूट लांब आणि ११ फूट रुंद असून फरशीपासून तुळईच्या खालच्या अंगापर्यंतची उंची ७ फूट २ इंच भरते. भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या आणि अडीच फूट जाड आहेत. वर सागवानी कडीपाट आहे, खाली मुरमावर बसवलेली शहाबादी फरशी आहे आणि उजेड-वाऱ्यासाठी रस्त्याच्या बाजूला दीड फूट बाय ९ इंचांचे दोन झरोके आहेत. आजोबांच्या काळात येथे धान्याच्या कणग्या असत. माझ्या आठवणीत मात्र मोडका पलंग, पितळी घंगाळे आणि गणपतीच्या आराशीचे खोके यांखेरीज येथे काही राहिलेले नाही.

माझा मुलगा तबला शिकतो आणि पहाटे पाच वाजता रियाजाला बसतो. वरच्या मजल्यावर चुलतकाका राहतात, त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि ते एका शब्दाने तक्रार करत नाहीत, हीच अडचण आहे. म्हणून तळघर मोकळे करून तेथे त्याची रियाजाची खोली, माझे लिहिण्याचे टेबल आणि उन्हाळ्यात दुपारी घरातल्या वडीलधाऱ्या अण्णांना पडता येईल अशी एक बैठक करावी, असे आम्ही ठरवले. मे महिन्यात बाहेर पारा ३९ अंशांवर असताना खाली तो २७ च्या वर गेला नाही, त्यामुळे पंख्याचीही गरज भासली नाही आणि आम्ही सगळेच त्या जागेच्या प्रेमात पडलो.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि आठवड्याभरात दाया, म्हणजे जोडीतला उजव्या हाताचा तबला, सुरातून उतरू लागला. गठ्ठे ठोकून सुरात आणावा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो पुन्हा अर्ध्या स्वराने खाली गेलेला असावा, असे रोज चालले. पंधरा दिवसांनी वादीवर, म्हणजे तबल्याच्या चामडी पट्टीवर, पांढरट बुरशी दिसली, तेव्हा तबला वर नेला. वरच्या खोलीत, त्याच गावात आणि त्याच पावसात, तो निमूट सुरात राहिला. तेव्हापासून आम्ही तबल्याला आमचे ओल मोजण्याचे यंत्र म्हणतो.

आता खरी गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय सल्ला मागणे बरोबर होणार नाही. गेल्या वर्षी जानेवारीत एका वॉटरप्रूफिंगवाल्याच्या सांगण्यावरून रस्त्याकडच्या भिंतीचा जुना चुन्याचा गिलावा आम्ही खरवडून काढला, त्यावर सिमेंटचा गिलावा करून घेतला आणि वर केमिकलचे दोन हात दिले. चार महिने भिंत सुरेख कोरडी दिसली. ऑगस्टमध्ये त्या थराला तळहाताएवढे फुगे आले. एक फुगा बोटाने दाबला तर आतून चमचाभर पाणी ओघळले आणि त्यामागे लोण्याची, म्हणजे भिंतीतल्या क्षारांची, पांढरी पूड निघाली. त्याहून वाईट म्हणजे पूर्वी कोरड्या असलेल्या वरच्या बैठकीच्या खोलीत, त्याच भिंतीवर, जोत्यापासून दोन फुटांपर्यंत ओलीची रेघ उमटली. वॉटरप्रूफिंगवाल्या गृहस्थांना दाखवल्यावर त्यांनी चारही भिंती केमिकलने बंद करून त्यांवर पीव्हीसीचे पॅनेल आणि कडीपाटाखाली फॉल्स सीलिंग करावे, असा नवा अंदाज दिला. तो मी घेतलेला नाही.

यंदा मी थोडी मोजणी केली. जुलैत खालची आर्द्रता बहुतेक वेळ ८८ ते ९० टक्के राहिली. झरोके उघडे ठेवून, पंखा लावून हवा खेळवली, तरी ती उतरली नाही. उलट फरशी दुपारी जास्त चिकट वाटे. रस्त्याकडच्या भिंतीचा खालचा दीड फूट भाग एप्रिलमध्येही गार आणि गडद असतो. बाकीच्या तीन भिंती उन्हाळ्यात कोरड्या असतात.

मला विचारायचे आहे ते असे. ही ओल जमिनीतून वर चढते आहे, बाजूने झिरपते आहे की हवेतली आहे, हे भिंत न फोडता ओळखता येते का? केमिकलचा थर काढून पुन्हा चुन्याचा गिलावा करावा का, आणि तसे काम येणारे गवंडी हल्ली काय मालमसाला वापरतात? उंची कमी वाटते म्हणून फरशी उखडून एक फूट खोल जाण्याचा विचार आहे, तो कितपत शहाणपणाचा आहे? परवानगीच्या बाजूनेही कोणी मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन. खर्चाची घाई नाही, मात्र पुन्हा तोच खर्च दोनदा करण्याची तयारी नाही.

प्रतिसाद १

मी स्थापत्य अभियंता आहे आणि जुन्या दगडी बांधकामांची दुरुस्ती हे माझे रोजचे काम आहे. आपण शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात धोका आहे. फरशी एक फूट खोल नेऊ नका. अशा वाड्यांचा पाया पुष्कळदा तळघराच्या फरशीखाली फारसा खोल गेलेला नसतो. भिंतीलगतची माती काढली की अडीच फूट जाडीच्या भिंतीचा आधारच सुटतो. पावसाळ्यात वाड्यांच्या भिंती कोसळल्याच्या बातम्या आपण नाशकात दरवर्षी वाचतो आणि महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा का काढते, हेही आपल्याला ठाऊक आहे.

नियमांचे म्हणाल तर डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. तिच्यात तळघर हे साठवण, वाहनतळ, यंत्रसामग्री अशा वापरांसाठी धरलेले आहे, राहण्यासाठी नाही. राष्ट्रीय इमारत संहिता तळघराला किमान २.४ मीटर उंची सांगते आणि राहत्या खोलीला २.७५ मीटर, आपली उंची २.१८ मीटर आहे. म्हणजे कागदावर ही खोली राहती होणार नाही, हे गृहीत धरा. रियाज, लेखन आणि दुपारची विश्रांती एवढ्यापुरता तिचा उपयोग ठेवा, रात्रीची निजण्याची खोली करू नका. एकच जिना असलेल्या जागेत झोपेत धूर भरला तर बाहेर पडायला दुसरी वाट नसते. त्याच कारणाने तेथे कोळशाची शेगडी किंवा गॅस कधीही नेऊ नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे वरच्या स्वयंपाकघरात गळती झाली तरी तो जिन्याने उतरून खालीच साचतो.

आता ओलीकडे येतो. दोन फूट बाय दोन फुटांचा जाड प्लास्टिकचा तुकडा रस्त्याकडच्या भिंतीच्या उघड्या दगडावर आणि दुसरा आतल्या भिंतीवर चारही बाजूंनी पट्टी लावून घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. पाणी प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या अंगाला जमले तर ते भिंतीतून येते आहे. खोलीच्या अंगाला जमले तर ते हवेतले आहे. माझा अंदाज असा की आपल्याकडे दोन्ही आहेत.

हवेतल्या ओलीचा हिशेब सोपा आहे. पावसाळी दुपारी बाहेर २८ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा २४ अंशांच्या आसपास गार होताच पाणी सोडू लागते. तळघराचा दगड तेवढाच किंवा त्याहून थोडा गार असतो. म्हणजे झरोके उघडून आपण कोरडी हवा नव्हे, पाणीच आत घेत होता. जुलै-ऑगस्टमध्ये झरोके बंद ठेवा आणि आर्द्रता शोषणारे यंत्र लावा. त्याची नळी थेट निचऱ्याला जोडा, नाहीतर टाकी भरली की ते थांबते. एसीवर विसंबू नका. जागा मुळातच गार असल्यामुळे एसीचा कॉम्प्रेसर लगेच बंद पडतो आणि ओल तशीच राहते. दिवाळीनंतर मात्र झरोके मोकळे करा. तेव्हाही ते अपुरेच पडतील: तळघराला फरशीच्या क्षेत्राच्या अडीच टक्के वायुवीजन असावे, असा दंडक आहे. आपल्या १९८ चौरस फुटांना सुमारे ५ चौरस फूट लागतात, आणि दोन्ही झरोके मिळून सव्वादोन भरतात. एका झरोक्यात हवा बाहेर फेकणारा लहान पंखा बसवल्यास, जिन्यावरून ताजी हवा आपोआप खाली येईल.

रस्त्याकडच्या भिंतीबद्दल आपण एक फार महत्त्वाची गोष्ट ओघात लिहून गेला आहात. जी भिंत एप्रिलमध्ये ओली असते, तिचे पाणी पावसाचे नाही. कुठेतरी नळाची किंवा सांडपाण्याची गळती आहे. आपण मोरीचा उल्लेख केला आहे. ती मागे असली तरी तिचे पाणी रस्त्यावरच्या चेंबरपर्यंत कोणत्या वाटेने जाते, ते आधी पाहा. केमिकलने भिंतीचा श्वास बंद केल्यामुळे ते पाणी आत वाळू शकले नाही आणि वर चढून बैठकीच्या खोलीत गेले. पॅनेल बसवले असते, तर हे सारे दिसले नसते, एवढाच फरक पडला असता.

प्रतिसाद २

आमचे दुकान सराफ बाजारात आहे, म्हणून फक्त पाण्याबद्दल लिहितो. गोदावरीला पूर आला की पाणी किती चढले ते कळावे म्हणून सगळे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहतात, पण ऑगस्ट २०१९ मध्ये माझ्या तळघरात पहिले पाणी नदीकडून आले नाही, ते न्हाणीच्या जाळीतून उलटे वर आले. जोराचा पाऊस झाला की सरस्वती नाल्याचे पाणी नदीला पूर नसतानाही आमच्या भागात तुंबते. तुम्ही चढावर आहात, तुम्हाला पूररेषेची चिंता नसावी. तरीही तळघरात न्हाणी किंवा बेसिन करण्याचा मोह टाळा. करायचेच झाले तर पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय ड्रेनेजला जोडू नका. विजेची बटणे छातीच्या उंचीवर घ्या आणि तळघराच्या जोडणीला वेगळा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवा.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. खोदाईचा विचार सोडून दिला आहे. मुलाला तेथे झोपायला मिळणार नाही, हे त्याला सांगितले, तेव्हा तो दिवसभर रुसून बसला होता.

प्लास्टिकचा प्रयोग केला. आतल्या भिंतीवरच्या तुकड्यावर खोलीच्या अंगाने थेंब होते. रस्त्याकडच्या भिंतीवर तो मागून निथळत होता. त्यानंतर मोरीत बादलीभर पाण्यात रांगोळीचा लाल रंग कालवून ओतला आणि दिवसातून तीनदा पाणी सोडत राहिलो. पहिले दोन दिवस काहीच दिसले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी घेऊन खाली उतरलो, तेव्हा कोपऱ्यापासून चौथ्या दगडाच्या सांध्यात, जेथे केमिकलचा फुगा फुटला होता, तेथून कुंकवाच्या बोटाएवढा ओघळ खाली आला होता. अण्णांना बोलावून दाखवला. ते म्हणाले, मोरीचे पाणी या भिंतीच्या पायथ्याने भाजलेल्या मातीच्या नळांतून रस्त्यावर जाते आणि ते नळ त्यांच्या लहानपणीही होतेच. हे त्यांनी आजवर सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही.

आता ते नळ बदलून पीव्हीसीचा पाइप घेणार आहे, काकांची मोरीही त्याच वाटेला असल्याने त्यांच्याशी बोलणे झाले आहे. पुढचा प्रश्न क्रमाचा आहे: पाइप झाल्यावर लगेच सिमेंटचा थर काढून चुना लावावा, की थर काढून भिंत काही काळ उघडी ठेवावी?

प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांचे पुन्हा उत्तर

थर आत्ताच काढा, सांधे इंचभर खोल मोकळे करा आणि येता उन्हाळा संपेपर्यंत भिंत उघडी राहू द्या. अडीच फुटांची भिंत एका ऋतूत पुरती वाळत नाही. वाळताना लोणा बाहेर येतच राहील. तो कोरड्या कुंच्याने झाडून सुपलीत भरा आणि बाहेर टाका. पाण्याने धुवू नका; धुतला की तो विरघळून पुन्हा दगडात शिरतो. नंतर दर्जा, म्हणजे दगडांमधले मोकळे केलेले सांधे, भरताना नुसता चुना वापरू नका, कारण दमट आणि बंद जागेत तो फार सावकाश धरतो. चुन्यात सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड, मिसळली, की तो ओलीतही घट्ट होतो. गवंडी गूळ आणि मेथीचे पाणी घालू म्हणाला तर घालू द्या, पण सिमेंटची एक पाटी ‘पकड यावी म्हणून’ टाकू म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. गिलावा पुढच्या वर्षी करा. तोवर तबला खाली नेऊन ठेवायला हरकत नाही, म्हणजे काम कुठवर आले ते कळत राहील.