अनुभव धागा: जुनी गाडी घेतली, इंजिननं काम काढलं. आता काय?

सोलापुरात जुनी चारचाकी घेणारे गाडी बाजार धुंडाळतात, नाहीतर विजापूर, कलबुर्गी, पुण्याहून गाडी आणतात. महिन्याभरात इंजिन धूर मारायला लागतं आणि विकणारा म्हणतो, "मालक, जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच." अशा गाड्या, कागद आणि तक्रारी ज्यांच्या हातांखालून रोज जातात त्यांनी इथं लिहावं. रडकथा नकोत. काय करायचं, कोणत्या क्रमानं आणि कुठं फसतं, तेवढंच.

गॅरेजवाला, अक्कलकोट रोड

आधी एकच: इंजिन खोलू देऊ नका. इंजिनचं हेड (सिलिंडरांवरचं झाकण) एकदा उतरलं की समोरचा म्हणणार, तुमच्याच मेकॅनिकनं वाट लावली. न खोलता पुष्कळ कळतं.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो, ते बघायचं तर इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन तोडलेलं, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी दमदार पाहिजे. पेट्रोल इंजिनाला साधारण 150 ते 190 पीएसआय येतं. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला धरा. सिलिंडरा-सिलिंडरांत 15 टक्क्यांच्या वर फरक आला की गडबड आहे. पडलेल्या सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. आकडा चढला तर रिंग-बोअर (पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची आतली भिंत) गेलंय, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (हेडखालचं सील). शेजारशेजारचे दोन पडले असतील तर बहुतेक त्यांच्या मधलं गॅस्केट उडालंय.

ही कटकट एवढ्यासाठी की ग्राहक आयोगापुढं प्रश्न येतो, दोष विक्रीच्या आधीचा की नंतरचा? बोअर पंधरा दिवसांत झिजत नाही. गॅस्केट मात्र एका दुपारीही उडतं, त्यामुळं नुसत्या गॅस्केटवर भांडण उभं केलं तर ते लंगडं पडतं. तिथं गाडी आधीपासून तापत होती हे दाखवावं लागतं.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात तापणारी गाडी विकायची म्हणजे दोन जुगाड ठरलेले. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा आणि रेडिएटरचा फॅन डायरेक्ट, म्हणजे तापमान न बघता सतत फिरणारा, करायचा. थंड इंजिनावर, एसी बंद ठेवून, नुसती चावी फिरवल्याबरोबर फॅन सुटला तर तो बहुधा डायरेक्ट आहे. वायरिंगचा फोटो काढून ठेवा, पण सोडवू नका.

स्कॅनर चालवणारा इलेक्ट्रिशियन, होटगी रोड

वरच्यात भर. कोड म्हणजे गाडीच्या संगणकानं नोंदवलेला बिघाड. बऱ्याच गाड्यांत ‘कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर’ स्कॅनरवर दिसतं. ताबा घेतला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी स्कॅन केलं आणि तिथं 12 किलोमीटर दिसलं, तर इंजिनचा दिवा विझवून गाडी दाखवायला आणली असा संशय घ्यायला जागा आहे. सोबत ‘रेडीनेस मॉनिटर’ अपूर्ण दिसतील, म्हणजे कोड पुसल्यानंतर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अजून पुऱ्या झालेल्या नाहीत. बॅटरी काढली तरी काही गाड्यांत हे शून्यावर येतं, म्हणून बॅटरी कधी बदलली ते विचारून लिहून घ्या. काही मॉडेलांत किलोमीटर मीटरशिवाय दुसऱ्या कंट्रोल युनिटमध्येही साठलेले असतात. मीटर पाडलेलं (मागं फिरवलेलं) असेल तर तिथं तफावत सापडते. प्रिंट काढा, तारीख आणि चेसिस नंबर त्यावर यायला हवा. गाडी नंतर कुणी हाताळली तर हा पुरावा जातो, हेही लक्षात असू द्या.

विम्याचा सर्व्हेअर

सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला, माढा-मोहोळ पट्टा पाण्याखाली गेला. त्यानंतर बाजारात आलेली गाडी असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, स्टेपनीचा खड्डा बघा, गालिच्याखाली हात घाला. गाळाची बारीक रेघ धुऊनही राहते. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरात पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) वाकू शकतो. गाडी तरीही सुरू होऊ शकते, चालते, आणि महिन्यांनी तो रॉड तुटून इंजिनचा ब्लॉक फोडू शकतो. वाकलेल्या रॉडचा पिस्टन वर पोचताना किंचित खाली राहतो. प्लगच्या भोकातून पातळ सळई सोडून चारही पिस्टनची उंची ताडून बघितली की फरक कळतो. साधा वाहन विमा यांत्रिक बिघाडाला पैसे देत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

वकील, सोलापूर

ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये जुन्या मालाला वगळलेलं नाही. प्रश्न विकणारा कोण, हा असतो. धंदा म्हणून गाड्या विकणारा असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. शेजाऱ्यानं स्वतःची एकच गाडी विकली असेल तर तो व्यापारी नाही. तिथं करार कायदा, खोटं सांगितलं किंवा लपवलं हे सिद्ध करणं आणि दिवाणी दावा.

विजापूरच्या डीलरविरुद्धही तक्रार सोलापुरात करता येते. तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथला आयोग चालतो, कलम 34. दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत, कारण घडल्यापासून दोन वर्षं. विरुद्ध बाजूला उत्तराला 30 दिवस आणि वर जास्तीत जास्त 15.

"जशी आहे तशी घेतली" असं लिहून घेतलेला कागद बघून लोक हातपाय गाळतात. दिसणाऱ्या खराबीपुरतं ते ठीक. लपवलेल्या दोषाला आणि खोट्या जाहिरातीला ते कवच नाही. मात्र तक्रारीत ‘हा करार अन्यायकारक आहे’ असा मुख्य मुद्दा करू नका, तो विषय राज्य आयोगाचा. दोष, सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा यांवर उभे राहा. बिल न देणंही त्याच प्रथेत येतं.

भाड्यानं चालवायला गाडी घेतली असेल तर ‘स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी’ हे तक्रारीत स्पष्ट लिहा. नाहीतर पहिल्याच उत्तरात ‘व्यापारी हेतू’ म्हणून आक्षेप येतो.

आरटीओची कामं करणारा

"आम्ही फक्त मध्यस्थ" हे डीलरचं आवडतं वाक्य. मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर मूळ मालकाची सही, तारीख कोरी, डीलरचं नाव कुठंच नाही. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं, ते पाच वर्षांचं असतं. गाडी त्याच्या ताब्यात आल्याची ऑनलाइन खबर, म्हणजे फॉर्म 29सी, दिली की कायद्यानं तोच मालक धरला जातो. ते प्राधिकारपत्र मागा. आणि पैसे पेढीच्या खात्यात टाका, मालकाच्या मेव्हण्याच्या खात्यात नाही. विसार रोख दिला तरी पावती घ्या.

ग्राहक चळवळीतली कार्यकर्ती

क्रम असा ठेवा. बिघाडाच्या दिवशीच डीलरला लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅप चालेल. मग स्पीड पोस्टानं नोटीस: गाडी तपासा, 15 दिवसांत दुरुस्त करा किंवा पैसे परत द्या. न खोलता केलेल्या चाचण्यांचा अहवाल सोबत जोडा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पण ती मध्यस्थीची पायरी आहे, तिनं मुदत थांबत नाही. त्यानंतर आयोगाकडं जा. ऑनलाइनही दाखल करता येतं.

जाहिरातीचा स्क्रीनशॉट आजच काढा, बिघाड झाला कळल्यावर जाहिरात तासाभरात गायब होते. वॉरंटी कार्ड असेल तर बारीक अक्षरं वाचा. बहुतेक ठिकाणी परवानगीशिवाय दुरुस्ती केली की वॉरंटी संपते.

गॅरेजवाला, अक्कलकोट रोड

दुरुस्ती थांबवणं परवडत नसेल, म्हणजे गाडीवरच पोट असेल, तर डीलरला तारीख-वेळ लेखी देऊन बोलवा. तो आला नाही तरी चालेल, सर्व्हेअरच्या समोर खोला आणि व्हिडिओ सलग ठेवा. काढलेले पिस्टन, रिंगा, बेअरिंगं पोत्यात घालून घरी न्या, आमच्या भंगारात सोडू नका. ड्रेन केलेल्या ऑइलमधलं पाव लिटर स्वच्छ बाटलीत भरा, बुचावर सही करा.