मदत हवी आहे: आयईएलटीएसचं लिसनिंग ५.५ वरून हलेना (सांगली)

हरिपूर_संगम

नमस्कार मंडळी,

मी सांगलीची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर इथेच बी.एस्सी., मायक्रोबायॉलॉजी. पुढच्या वर्षी आयर्लंडला एम.एस्सी.साठी जायचं घाटतंय. ज्या कोर्सवर डोळा आहे तिथे आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ६.५ बँड मागतात आणि चारपैकी एकाही भागात ६ च्या खाली चालत नाही. मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, रीडिंगला ७ येतात, रायटिंग आणि स्पीकिंग ६ च्या आसपास. गाडं अडलंय लिसनिंगला. ४० पैकी १९-२० च्या वर जातच नाही, म्हणजे ५.५ बँड.

इंग्रजी समजत नाही अशातला भाग नाही. टेस्ट संपल्यावर पुस्तकाच्या मागे छापलेले संवाद वाचते तेव्हा त्यात एकही शब्द नवा नसतो. संताप त्याचाच येतो. लिसनिंगचेही पुन्हा चार भाग. त्यातल्या पहिल्या भागात फोनवरचं साधं बोलणं असतं, कुणी खोली भाड्याने बघतंय, कुणी सहलीची चौकशी करतंय, तिथेही तीन-चार उत्तरं हातची जातात. तिसऱ्या भागात दोन विद्यार्थी आणि त्यांचे सर बोलायला लागले की कोण काय म्हणालं तेच कळेनासं होतं. एक उत्तर हुकलं की मी ते शोधत बसते आणि तोवर पुढची दोन निघून जातात. ऑडिओ एकदाच वाजतो, त्यामुळे गेलं ते गेलं.

सध्या रोज एक नवी टेस्ट सोडवते, गुण मोजते, दुसऱ्या दिवशी पुढची. शिवाय इंग्रजी सिरीज बघते, खाली सबटायटल लावून. मध्यंतरी एक क्लासही लावला होता. तिथे हॉलमध्ये मोठ्या स्पीकरवर ऑडिओ लावायचे, डोक्यावर पंखा घरघरतोय, शेवटी सर उत्तरं वाचून दाखवायचे. का चुकलं यावर चकार शब्द नाही. फी आधीच घेतलेली.

परीक्षा पुण्यात, संगणकावर, अजून दोनेक महिने आहेत. रोज टेस्ट सोडवत राहू की दुसरं काही करू? ऑस्ट्रेलियन लोकांच्या बोलण्याचं काय करायचं? मराठी माध्यमातून गेलेल्या कुणी हा डोंगर चढला असेल तर प्लीज सांगा.

भडंगप्रेमी

ताई, लई लोड घेऊ नका. माझ्या धाकट्या भावाचं बी असंच हुतं. पहिलं काम म्हणजे ती सबटायटल बंद करा. डोळं वाचत्यात आणि कान झोपा काढत्यात. वाटतं आपण ऐकतोय. बाकी जाणकार सांगतीलच.

कृष्णाकाठची_मास्तरीण

मी काही वर्षं हे शिकवते आहे, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आधी हिशेब मांडू. चार भागांची सरासरी ६.२५ आली तर ती वर नेऊन ६.५ धरतात. म्हणजे रीडिंग ७ आणि बाकी तिन्ही ६ असले तरी बेरीज २५, सरासरी ६.२५, तुझं काम झालं. लिसनिंगला ६ मिळायला साधारण २३ उत्तरं बरोबर लागतात, ७ ला ३०. प्रश्नपत्रिकेप्रमाणे एखादा गुण इकडेतिकडे. तू १९-२० वर आहेस. तुला चार उत्तरं कमी पडताहेत, फार तर पाच. ती चौथ्या भागातल्या व्याख्यानात शोधायला जाऊ नकोस. तो भाग सगळ्यात अवघड आणि मध्ये विश्रांतीही नसते. पहिल्या दोन भागांत मिळून २० गुण आहेत आणि तिथलं बोलणं रोजच्या व्यवहारातलं. तुझी चार उत्तरं तिथेच सांडलेली आहेत.

ती कशी सांडतात ते तुझ्या जुन्या टेस्ट काढून बघ. बरीचशी ऐकू येऊनही गेलेली असतील. अनेकवचनाचा शेवटचा एस राहिला. एकाच शब्दात उत्तर मागितलं असताना ‘द लायब्ररी’ लिहिलं, म्हणजे दोन शब्द झाले, गुण गेला. ॲकोमोडेशनमध्ये दोन सी आणि दोन एम, त्यातला एक एम खाल्ला. स्पेलिंग ब्रिटिश असो की अमेरिकन, दोन्ही चालतात, पण चुकीचं चालत नाही. आणि चुकीच्या उत्तराला वजा गुण नाहीत, तेव्हा एकही चौकट कोरी सोडायची नाही.

आता खरं दुखणं. रोज नवी टेस्ट सोडवणं आधी थांबव. त्याने ताप मोजला जातो, उतरत नाही. त्याऐवजी शाळेत बाई श्रुतलेखन घालायच्या ते चालू कर. पहिल्या भागातला जेमतेम एक मिनिटाचा तुकडा घे. एक वाक्य ऐक, थांबव, जे कानावर पडलं ते वहीत लिही. नाही कळलं तर तेवढी जागा रिकामी सोड. तेच वाक्य पुन्हा, मग पुन्हा. तरीही रिकामं राहिलं तर राहू दे. तुकडा संपला की मागची छापील पानं उघड आणि लाल पेनाने रिकाम्या जागा भर. प्रत्येक लाल शब्दापुढे कारण लिही: शब्दच माहीत नव्हता, की माहीत होता पण असा ऐकला नव्हता, की दोन-तीन शब्द एकमेकांत मिसळले?

पहिल्या कारणाचे शब्द फार थोडे निघतील. आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो आहोत. ‘कम्फर्टेबल’ आपण सगळी अक्षरं नीट उच्चारून म्हणतो, ते लोक ‘कम्फ्टबल’ म्हणून मोकळे. आपला ‘वेडनेसडे’ त्यांच्याकडे ‘वेन्झडे’. ‘ॲन अवर अँड अ हाफ’ हे पाच शब्द कानावर ‘अनावरन्हाफ’ असे एका दमात येतात. मराठीत जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा मिळतो. इंग्रजीत वाक्यातल्या महत्त्वाच्या शब्दांवर जोर आणि टू, ऑफ, अँड, हॅव ही मंडळी निम्मी गिळलेली. आपला कान प्रत्येक शब्दाची वाट बघत राहतो आणि वाक्य पुढे निघून जातं.

‘कॅन’ आणि ‘कान्ट’ हेच बघ. आपण शेवटच्या टी वर भिस्त ठेवतो आणि तो टी बहुतेक वेळा ऐकूच येत नाही. ‘आय कॅन कम’ म्हणताना कॅनचा नुसता ‘कन’ होतो. त्या जागी ठसठशीत, लांबवलेला स्वर आला तर बहुधा नकार आहे. थर्टीन आणि थर्टीचंही तसंच, जोर ‘टीन’वर की ‘थर’वर एवढंच ऐकायचं. पहिल्या भागात भाडी, तारखा, घरनंबर असतात, तिथे हे रोकड गुण आहेत.

श्रुतलेखन झालं की तोच तुकडा ऑडिओच्या सोबत, त्याच वेगाने, मोठ्याने म्हण. घरचे हसतील, हसू देत. जो उच्चार तोंडाने एकदा केला तो कान सहसा चुकवत नाही.

पूर्ण टेस्ट आठवड्याला एक पुरे. आणि ती हेडफोन लावून दे, कारण परीक्षेत हेडफोनच असतात.

हरिपूर_संगम

मास्तरीणबाई, काय सांगू! काल रात्री एक तुकडा करून पाहिला. वही लालेलाल. ‘शुड हॅव’ला मी काहीच लिहिलं नव्हतं, ते ‘शुडव’ असं येतं. आणि नवा शब्द त्यात एकच निघाला. जुन्या टेस्टही काढल्या, पहिल्या दोन भागांत स्पेलिंग आणि एस पायी गेलेली उत्तरं खरंच दर टेस्टला दोन-तीन आहेत.

एक मात्र राहिलं. पर्यायवाल्या प्रश्नांत तिन्ही पर्याय ऑडिओत ऐकू येतात. मग बरोबर कुठला?

पेठनाका

ऐकू येणारच, ते मुद्दाम घातलेले असतात. समजा प्रश्न आहे की सहल कुठल्या वारी. बाई म्हणणार, मंगळवार बरा पडेल. पलीकडचा म्हणणार, मंगळवारी गाडी भरलेली आहे, बुधवारी चालेल का? बाई म्हणणार, बुधवार आवडला असता, पण माझी बहीण गुरुवारीच येतेय, तेव्हा तोच धरा. ज्याने मंगळवार ऐकताक्षणी खूण केली तो गेला. ‘बट’, ‘ॲक्च्युअली’, ‘इन्स्टेड’, ‘ओ, सॉरी’ असं काही आलं की हात आखडता घ्यायचा आणि पुढचं ऐकायचं. पर्यायातला शब्द जसाच्या तसा ऐकू आला तर मला उलट संशय येतो. बरोबर उत्तर बहुतेकदा दुसऱ्या शब्दांत येतं.

आणि हुकलेलं उत्तर शोधत बसायची सवय आजपासून बंद. उत्तरं प्रश्नांच्या क्रमानेच येतात, त्यामुळे नजर नेहमी चालू प्रश्नावर आणि त्याच्या पुढच्यावर, अशी दोन्हीकडे ठेवायची. पुढच्या प्रश्नातला विषय कानावर आला म्हणजे मागचा गेला. सोडून द्यायचा, शेवटी अंदाजाने भरायचा. ऑडिओच्या आधी प्रश्न वाचायला जो थोडा वेळ देतात, त्यात प्रत्येक रिकाम्या जागी काय येणार, आकडा, गावाचं नाव की वस्तू, एवढं मनात ठरवून टाकायचं.

जुना_रेडिओवाला

माझं वय तुमच्या वडिलांएवढं असेल, मी परीक्षा वगैरे दिलेली नाही. पण ऑस्ट्रेलियन बोलण्याचं विचारलंत म्हणून लिहितो. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्यांवर वाढलेला कान त्यांच्यापुढे चालत नाही, कारण बातम्या सावकाश, तोलून मापून वाचतात आणि उच्चार आपल्याच मातीतले. माझा कान सुधारला तो रेडिओवरच्या क्रिकेट समालोचनाने. मेलबर्नची कसोटी आपल्याकडे पहाटे पाचला सुरू होते. अंथरुणातच ऐकायची. आकडे, नावं, दिशा, मधूनच विनोद, सगळं झपाट्यात. त्यांचा ‘ए’ आपल्या कानाला ‘आय’सारखा लागतो, ‘टुडे’चं ‘टुडाय’ होतं, ‘एट’ जवळजवळ ‘आइट’. पहिल्या भागात नावाचं स्पेलिंग सांगताना ए आणि आय मध्ये इथेच गोंधळ होतो, असं माझी भाची म्हणाली. ती आता तिकडेच असते. क्रिकेट आवडत नसेल तर मात्र हा उपाय म्हणजे शिक्षा आहे.

हरिपूर_संगम

काका, सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंच्या गावची मी, क्रिकेट आवडत नाही म्हणून कसं चालेल! पण पहाटे पाचला... बघते.

भडंगप्रेमी

काका, भारी.

अजिंक्यताऱ्याखाली

साताऱ्याहून लिहितोय, नुकतीच संगणकावर परीक्षा दिली. अभ्यासाचं वर छान आलंय, मी बाकीचं सांगतो, कारण ते क्लासात सांगत नाहीत.

जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की शेवटी उत्तरं उतरवायला १० मिनिटं मिळतात. ते कागदावरच्या परीक्षेचं. संगणकावर फक्त २ मिनिटं, तीही तपासायला. ऐकता ऐकताच टाइप करायचं असतं. तेव्हा घरी वहीवर नव्हे, कीबोर्डवर सराव करा. मोबाइलवर टाइप करायची सवय असेल तर तो आपोआप स्पेलिंग दुरुस्त करतो, तिथे कुणी दुरुस्त करत नाही.

लिसनिंग, रीडिंग, रायटिंग हे एकामागोमाग एक होतात, मध्ये सुट्टी नाही, आणि सुरुवात लिसनिंगने. त्यामुळे सकाळच्या बॅचला सांगलीहून मध्यरात्रीची गाडी पकडून थेट केंद्रावर उतरायचा विचार करू नका. खंबाटकीत गाडी अडकली की काय होतं ते आपल्याकडच्यांना सांगायला नको. पोचलात तरी रात्रभर बसमध्ये आंबलेलं डोकं सगळ्यात आधी ऐकण्याच्या भागात दगा देतं. आदल्या दिवशीच पुणे गाठा, कुणा नातेवाइकाकडे पडा.

पासपोर्ट मूळ प्रत लागतो, झेरॉक्सवर आत घेत नाहीत. हेडफोनचा आवाज सुरुवातीला तपासायला देतात. तेव्हाच नीट लावून घ्या, एका बाजूने कमी येत असेल तर हात वर करून सांगा. माझ्या शेजारचा मुलगा भिडेपोटी गप्प बसला होता.

हरिपूर_संगम

सगळ्यांचे खूप आभार. वेळापत्रक असं केलंय: सकाळी श्रुतलेखनाचा एक तुकडा, संध्याकाळी तोच मोठ्याने, रविवारी एक पूर्ण टेस्ट लॅपटॉपवर. सबटायटल बंद. आई विचारत होती, कुणाशी भांडतेयस का इंग्रजीत.

शेवटचं एक विचारते. एवढं करूनही बाकी तिन्ही जमले आणि लिसनिंगच ५.५ आलं, तर पुन्हा अख्खी परीक्षा द्यायची?

कृष्णाकाठची_मास्तरीण

नाही. संगणकावर परीक्षा दिली असेल तर एकच भाग पुन्हा देता येतो, मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत, आणि एकदाच. पण असा सुधारलेला निकाल सगळीच विद्यापीठं घेत नाहीत. तुझ्या कोर्सच्या प्रवेश विभागाला आत्ताच मेल टाकून विचारून ठेव. त्यांचं उत्तर आलं की इथे टाक, आयर्लंडला जाणारे आणखी दोघे-तिघे माझ्याकडे आहेत, त्यांनाही हवंय.