फटाके आणि घाबरणारी जनावरं

दिवाळीत फटाक्यांच्या आवाजात कुत्रा शांत राहावा म्हणून डिफ्युझरमध्ये (खोलीत सुगंध पसरवणाऱ्या यंत्रात) टी ट्री तेल घालायचं काही जण सुचवतात, प्लीज नका करू, ते कुत्र्या-मांजरांना विषारी आहे आणि मांजरीच्या लिव्हरला तर अशी तेलं नीट पचवताच येत नाहीत. आमच्या कुत्र्याला, बंड्याला, हर्बल ड्रॉप्सने काही फरक पडला नाही. लक्ष्मीपूजनाला आम्ही त्याला उजेडातच फिरवून आणतो, मग आतली खोली, खिडक्या बंद, पंखा फुल, त्याची जुनी गोधडी आणि मी शेजारी बसून. जवळ घेतल्याने भीती वाढते हे खरं नाही हो, खुशाल कुशीत घ्या! फारच थरथरत असेल तर व्हेटशी (जनावरांच्या डॉक्टरशी) आधीच बोलून ठेवा, त्यांनी दिलेली गोळी आवाज सुरू व्हायच्या आधी द्यावी लागते, माणसांची मात्र मनाने देऊ नका.