घरामागच्या टिनाच्या शेडला वीज: वेगळ्या अर्थिंगचा खड्डा पुरेसा आहे का?

प्रश्न:
नागपुरातील मानेवाडा भागात आमचे घर असून मुख्य डीबीपासून (वीज वाटणाऱ्या पेटीपासून) सुमारे 25 मीटरवर टिनाची शेड आहे. तेथे एक दिवा, दोन प्लग, ड्रिल मशीन आणि उन्हाळ्यात लोखंडी कूलर चालवायचा आहे. पडवीतील प्लगवरून दोन तारा भिंतीवरून नेऊन शेडजवळ अर्थिंगचा खड्डा करून देतो, म्हणजे घरातून अर्थची तार आणावी लागणार नाही, असे वायरमन म्हणतात. हे योग्य आहे काय?

उत्तर (निवृत्त विद्युत पर्यवेक्षक):
नाही. खड्ड्याचा रोध 10 ओहम धरला, तर कूलरच्या पत्र्याला फेज लागल्यावर 230 व्होल्टला फार तर 23 अँपिअर प्रवाह वाहील; तेवढ्याने 16 अँपिअरची एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) तासाभरातही पडेलच असे नाही, आणि तोवर पत्रा जिवंत राहील. आपल्याकडील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा हा रोध आणखी वाढतो, आणि कूलर नेमका त्याच दिवसांत चालतो. म्हणून डीबीतून स्वतंत्र एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) घ्यावी. ती केबलच्या घराकडील टोकाला बसवावी, म्हणजे जमिनीतली केबलही तिच्या संरक्षणात येते. अर्थसाठी तिसरा कोर (केबलमधील तिसरी तार) घरातूनच न्यावा. खड्डा जोडीला करण्यास हरकत नाही, परंतु शेडमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडू नयेत.

उत्तर (बांधकाम व्यवसायातील एक वाचक):
केबल तांब्याची, तीन कोरची, आर्मर्ड (पोलादी तारांचे कवच असलेली) आणि 4 चौरस मिलिमीटरची घ्यावी. 10 अँपिअर भाराला एवढ्या अंतरात जेमतेम अडीच व्होल्ट पडतात. सुमारे 75 सेंटिमीटर खोल चर खणून खाली-वर वाळू आणि त्यावर विटा ठेवाव्यात. पुढे कोणी झाडासाठी कुदळ मारली, तर आधी वीट लागते. जमिनीत जोड देऊ नये. आर्मरही (ते कवच) ग्लँडमधून, म्हणजे केबलचे टोक पकडणाऱ्या धातूच्या जोडणीतून, अर्थला जोडावे. ते बहुतेक जण विसरतात.

प्रश्नकर्ता:
आपण सांगितल्याप्रमाणे परवानाधारक कंत्राटदाराकडून काम करून घेतले. मात्र कूलरचा पंप सुरू केला की आरसीसीबी पडते. केवळ पंखा चालविल्यास काही होत नाही. ती काढून टाकावी, असा सल्ला एका शेजाऱ्यांनी दिला.

उत्तर (निवृत्त विद्युत पर्यवेक्षक):
कृपया काढू नका, ती आपले काम चोख करीत आहे. प्लग काढून टाकी रिकामी करा आणि पंपाची वायर शेवटपर्यंत तपासा.

प्रश्नकर्ता:
गवतामागे पंपाच्या वायरीला टेप गुंडाळलेला जोड होता आणि तो टाकीतल्या पाण्यात लोंबत होता. गेले दोन उन्हाळे तो तसाच होता. अखंड वायरीचा नवा पंप बसविला आहे, आणि कालपासून आरसीसीबी पडलेली नाही.