एएफबी पॉझिटिव्ह, जीनएक्सपर्ट निगेटिव्ह: टीबीचं औषध परत सुरू करायचं का?

मोगरा_२२:
नमस्कार मंडळी, आईसाठी विचारतेय, वय ६८. खोकला बरीच वर्षं आहे, मागे टीबी समजून पूर्ण कोर्स झाला, तेवढ्यापुरतं बरं वाटलं आणि मग परत ये रे माझ्या मागल्या. आता वजन उतरलंय, संध्याकाळ झाली की कणकण, आणि सकाळी एवढा कफ पडतो की किती वेळ बेसिनला धरून उभी असते बघवत नाही. सीटी स्कॅनमध्ये ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यात कफ साचणं) लिहिलंय. थुंकीचं स्मिअर (काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघतात ते) एएफबी, म्हणजे टीबीच्या जातकुळीतले जंतू, पॉझिटिव्ह आलं पण जीनएक्सपर्ट (जंतूचे जनुक शोधणारी टेस्ट) निगेटिव्ह. डॉक्टर म्हणतात टीबीच्या गोळ्या परत सुरू करू. मला पटत नाहीये, पण मग पुढची टेस्ट कोणती आणि दाखवायचं कोणाला?

रानवारा:
ताई मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. स्मिअरमध्ये मायक्रोस्कोपखाली टीबीचा जंतू आणि त्याचे भाऊबंद सारखेच दिसतात, जीनएक्सपर्ट मात्र फक्त टीबीचाच शोधतं. त्यामुळे स्मिअर पॉझिटिव्ह आणि जीनएक्सपर्ट निगेटिव्ह आलं, त्यात ब्रॉन्किएक्टेसिस, म्हटल्यावर एनटीएमची शंका यायलाच हवी. म्हणजे टीबी सोडून बाकीचे मायकोबॅक्टेरिया, १९० च्या वर प्रजाती आहेत आणि प्रत्येकीचं औषध वेगळं, म्हणून नाव कळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

कल्चर म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं. फॉर्मवर नुसतं "थुंकी कल्चर" लिहिलेलं चालणार नाही हे आधी बघा, ते दोन-तीन दिवसांत बंद करतात आणि हे जंतू हळू वाढतात. "मायकोबॅक्टेरियल कल्चर, वाढ आली तर स्पीशीज आयडेंटिफिकेशन आणि सेन्सिटिव्हिटी" असं स्पष्ट लिहून घ्या, म्हणजे नेमका कोणता जंतू आणि त्यावर कोणतं औषध चालतं तेही कळेल. लिक्विड कल्चर निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस थांबतात तेव्हा लवकर रिपोर्ट आला नाही म्हणून घाबरू नका. तुमच्या लॅबमध्ये स्पीशीज ओळखत नसतील तर वाढलेलं कल्चर रेफरन्स लॅबला पाठवायला सांगा, आम्ही पण पाठवतो.

सॅम्पल वेगवेगळ्या दिवशी सकाळचे द्या, खोलवर खोकून काढलेला कफ, लाळ नको. आणि डबीत थुंकायच्या आधी नळाच्या पाण्याने चूळ भरायची नाही!! हे जंतू पाण्यात असतात, उगाच सॅम्पलमध्ये येतात. म्हणूनच एका पॉझिटिव्ह कल्चरवर आजार ठरवत नाहीत, निदान दोन वेगळ्या सॅम्पलमध्ये तोच जंतू यावा लागतो किंवा ब्रॉन्कोस्कोपीच्या (दुर्बिणीची नळी घालून फुफ्फुस धुऊन काढलेल्या) पाण्यात एकदा, शिवाय लक्षणं आणि सीटी जुळायला हवं.

केशरी_ढग:
मला मॅक आहे (मायकोबॅक्टेरियम एव्हियम कॉम्प्लेक्स, सगळ्यात जास्त हाच सापडतो). डॉक्टर शोधताना एकच बघा, की त्यांनी एनटीएमचे पेशंट स्वतः हाताळलेत का, सरळ विचारा, चांगला डॉक्टर राग मानत नाही. मेडिकल कॉलेजचा छातीचा विभाग किंवा ब्रॉन्किएक्टेसिस क्लिनिक असेल तिथे बहुतेक असतात, सोबत संसर्गरोगतज्ज्ञ असतील तर सोन्याहून पिवळं. जाताना जुन्या सीटीची सीडीसुद्धा न्या, नुसता रिपोर्ट नको, आधी घेतलेल्या प्रत्येक अँटिबायोटिकचं नाव आणि किती महिने घेतलं तेही लिहून न्या.

मॅकला साधारण तीन औषधं एकत्र देतात, अझिथ्रोमायसिन, इथॅम्ब्युटॉल, रिफॅम्पिसिन, आणि कल्चर निगेटिव्ह झाल्यापासून पुढे १२ महिने, म्हणजे एकूण दीडेक वर्ष सहज जातं. एकटं अझिथ्रोमायसिन कोणी महिनोन्‌महिने घ्या म्हटलं तर आधी एनटीएम नाही ना ते तपासून घ्या, कारण त्याने रेझिस्टन्स येतो (जंतूवर औषध चालेनासं होतं) आणि मग हातातलं मुख्य औषधच जातं. सगळ्यांना लगेच औषध लागतं असंही नाही, काहींना नुसतं लक्ष ठेवून बघतात, पण स्मिअर पॉझिटिव्ह असलं किंवा फुफ्फुसात पोकळी असली तर बहुतेक सुरूच करतात.

मोगरा_२२:
खूप खूप आभार दोघांचे, इतकं नीट कोणी सांगितलंच नव्हतं. घरात लहान बाळ आहे, त्याला लागण होईल का? आणि कल्चर येईपर्यंत नुसतं बसून राहायचं?

रानवारा:
एनटीएम सहसा माणसाकडून माणसाला लागत नाही. पण टीबी पक्का बाद झालाय असं डॉक्टर सांगेपर्यंत मास्क आणि उघड्या खिडक्या ठेवा. आणि तब्येत फारच ढासळत असेल तर थांबायचं की सुरू करायचं हे त्यांनाच ठरवू दे, फक्त सॅम्पल औषधाच्या आधी जाऊ दे एवढा आग्रह धरा.

पायवाट:
मी फिजिओ आहे. बसून अजिबात राहू नका, कफ काढायचं काम आजपासून सुरू करता येतं आणि ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये ते औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. छातीच्या फिजिओकडून श्वासाचे व्यायाम शिकवून घ्या, अकापेला किंवा फ्लटर नावाचं छोटं यंत्र मिळतं त्यात फुंकलं की छातीत कंप होऊन चिकट कफ सुटतो. हायपरटॉनिक सलाईनची (जास्त मिठाच्या पाण्याची) वाफ नेब्युलायझरने देतात पण पहिला डोस डॉक्टरांसमोरच, काहींची छाती आवळते. आणि इथॅम्ब्युटॉल सुरू व्हायच्या आधी डोळे तपासून घ्या, नजर आणि रंग ओळखणं दोन्ही, कारण त्याचा डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणजे नंतर लाल-हिरवं फिकट दिसायला लागलं तर तुलना करता येते आणि औषध वेळेत थांबवता येतं.