अनुभव धागा: पहाटे पाचची कसोटी

भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी म्हटलं की लक्ष्मण-द्रविडनं फिरवलेली कोलकाता २००१ निघतेच. त्यावर बोलून बोलून झालंय, इथं नको. इथं फक्त ऑस्ट्रेलियातल्या सामन्यांचं लिहा. गजर लावून, कुणाची झोपमोड न करता काढलेल्या पहाटांचं. सुरुवात मीच करतो.

फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. मी नववीत. वडिलांच्या ट्रान्झिस्टरवर रेडिओ ऑस्ट्रेलिया लागायचा, पण आवाज सारखा आत-बाहेर व्हायचा. गावसकर ७० वर, त्यांचा गोलंदाज लिली, त्याचं अपील, पायचीत. चेंडू आधी बॅटला लागला, असं गावसकरचं म्हणणं. मग नुसता गलका आणि खरखर. तो जोडीदार चौहानलाही मैदानाबाहेर घेऊन निघालाय हे आम्हाला उमगेपर्यंत व्यवस्थापक दुराणींनी सीमारेषेवर गाठून चौहानला परत पाठवलंसुद्धा! वडील गावसकरभक्त, तरी त्या दिवशी चिडले. "सामना घालवला असता की रे याने!"

ऑस्ट्रेलियाला १४३ हव्या होत्या. घावरीनं ग्रेग चॅपेलचा पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडवला. मांडी दुखावलेला कपिल शेवटच्या दिवशी इंजेक्शन घेऊन उतरला आणि २८ धावांत ५ बळी. सगळे ८३ मध्ये गारद. मी शाळा बुडवली, वडिलांनी विचारलंही नाही.

*

आम्ही सांगलीचे, त्यामुळे आजोबांचं पुराण १९४८ पासून. आमच्या विजय हजाऱ्यांनी ॲडलेडला लिंडवॉल-मिलर या वेगवान जोडीसमोर दोन्ही डावांत शतकं काढली, ११६ आणि १४५. सामना आपण डावानं हरलो, हे आजोबा कधीच सांगायचे नाहीत. मला ते कॉलेजात गेल्यावर कळलं.

*

डिसेंबर २००३, ॲडलेड. त्यांच्या ५५६ धावा, आपले ८५ वर ४ बाद. मी टीव्ही बंद करून आंघोळीला गेले. संध्याकाळी ऑफिसातून आले तर द्रविड-लक्ष्मण नाबाद! पुढचे तीन दिवस मात्र साडेपाचला उठले. अजित आगरकरचे ४१ धावांत ६ बळी विसरतात लोक. एरवी त्याला किती नावं ठेवायचो आपण!

*

माझी पहाट नाही, साडेनऊ. ॲडलेडच, पण डिसेंबर २०२०, दिवस-रात्र सामना. शनिवार होता. १ बाद ९ वर पोहे करायला उठले. फोडणी घालून, वाफ काढून ताटल्या घेऊन आले तर १५ वर ५ बाद. पुढे ३६ झाल्या. मुलगा अजूनही भारताची फलंदाजी असली की मला पोहे करू देत नाही.

*

मी मेलबर्नला असते, मला गजर लागत नाही :) त्याच मालिकेतली पुढची कसोटी मैदानात पाहिली. कोविडमुळे प्रेक्षक मोजकेच, एक सोडून एक खुर्ची. अजिंक्य रहाणे ११२ वर धावबाद झाला, तोही जडेजाच्या पन्नासाव्या धावेसाठी पळताना. मी मराठीत जे बोलायचं ते बोलले. रहाणेनं मात्र जडेजाला थोपटलं आणि निघून गेला. मागच्या रांगेतून आवाज आला, "डोंबिवलीचा आहे, गर्दीत उभं राहायची सवय आहे त्याला!"

वळून पाहिलं तर सगळ्यांच्या तोंडावर मास्क. कोण बोललं, कळलंच नाही. या धाग्यावर असाल तर हात वर करा.