तरुण मुलांची सर्व्हायव्हल थ्रिलर: पुस्तक खाली का ठेववत नाही?

अर्धवट_लेखक: एक कादंबरी लिहितोय. सोळा-सतरा वर्षांची पाच मुलं बर्फात अडकलीयेत, फोनला रेंज नाही, सोबतचा मोठा माणूस पहिल्याच दिवशी गेला. प्रत्येक चॅप्टरला काही ना काही घडतंच, हिमकडा कोसळतो, लांडगे येतात, पूल तुटतो, पण मावसबहिणीला वाचायला दिलं तर चौथ्या चॅप्टरला ठेवून दिलं आणि वर म्हणते "छान आहे, पुढचं नंतर वाचते". कळलं काय ते. तुम्हाला असल्या गोष्टीत नक्की काय धरून ठेवतं? "सस्पेन्स पाहिजे" सोडून काहीही सांगा.

खडूस_वाचक: संकटं ढीगभर आणि निर्णय एकही नाही, असं वाटतंय. कडा कोसळला की कोणीही पळणारच, त्यात त्या पोरांनी ठरवलं काय? वाचक अडकतो कधी, तर दोन्ही पर्याय वाईट असताना पोराला एक उचलावाच लागतो आणि वीस पानांनी त्याची वसुली होते तेव्हा. आणि शिल्लक किती ते वाचकाला माहीत पाहिजे. काडेपेटीत चार काड्या उरल्यात हे एकदा सांगून टाका, मग प्रत्येक काडी आपणच मोजतो. पहिली सादळलेली, दुसरीचं गूल उडालं, तिसरी जिच्या हातात आहे तिची बोटं इतकी बधिर की काडी धरलीय का पडली हे बघितल्याशिवाय कळत नाही, आणि मागून एकजण म्हणतोय दे मला, तुला जमणार नाही. चौथी द्यायची का त्याला? इथे मी तरी पुस्तक ठेवणार नाही. लांडग्यांना सुट्टी द्या.

रात्रपाळी: काड्यांचं एकदम पटलं. थंडी एकटी पुरते हो, व्हिलन कशाला. शरीराचं आतलं तापमान ३५ डिग्री सेल्सिअसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया, आधी कुडकुडणं, मग बोलताना जीभ जड, डोकं चालेनासं होतं, आणि कुडकुडणं थांबलं तर बरं वाटायला लागलं असं नाही, उलट प्रकरण हाताबाहेर चाललंय. त्यात काहींना शेवटी शेवटी उकडायला लागतं आणि ते कपडे काढायला लागतात, हे खरंच होतं. आता विचार करा, तुमच्या पाचातला सगळ्यात शहाणा मुलगा, ज्याचं सगळे ऐकतात, तो शांतपणे जॅकेटची चेन उघडतोय. बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं का त्याला धरून ठेवायचं?

पानपलटी: मला थोडं वेगळं वाटतं. काड्या, तापमान सगळं ठीक, पण ती मुलं कोण आहेत हेच माहीत नसेल तर मेली काय नि जगली काय. २००८ च्या हंगर गेम्स कादंबरीत बघा, मुलांनी एकमेकांना मारायचा तो खेळ सुरू व्हायला बराच वेळ लागतो, पण त्यात कोण जाणार याची चिठ्ठी निघते ती धाकट्या बहिणीच्या नावाची आणि मोठी तिच्या जागी पुढे होते, तिथेच आपण तिच्या बाजूचे होऊन जातो, मग रिंगणात काहीही होऊ दे. आणि कृपा करून बर्फात लव्ह ट्रँगल नको.

खडूस_वाचक: @पानपलटी हो, पण तिथेही तुम्हाला धरलं ते तिच्या निर्णयानेच की! बालपणाची दहा पानं देऊन ते झालं नसतं. (ट्रँगलबद्दल कडक अनुमोदन.)

अर्धवट_लेखक: भारी, लांडगे उडवले. आता फोनचं सांगा, रेंज नाहीये तर पहिल्याच पानावर फोडून टाकू का? सगळे तसंच करतात.

रात्रपाळी: अजिबात फोडू नका. थंडीत बॅटरी लवकर बसते, चार्ज असूनही फोन बंद पडतो आणि ऊब मिळाली की बऱ्याचदा परत सुरू होतो. म्हणजे कोणीतरी तो कपड्यांच्या आत छातीशी धरून ठेवायला हवा. वर चढून गेलं तर रेंज मिळेलही, पण वरती वारा जास्त. कोण जाणार, आणि फोन त्याच्याकडे द्यायचा का, आदल्या रात्री ज्याने गुपचूप बिस्किटं खाल्ली तोच सगळ्यात चांगला चढणारा असेल तर?

अर्धवट_लेखक: आईशप्पथ. चौथा चॅप्टर परत लिहायला घेतो.